ट्रेलर बोटीच्या लांबीवरून ठरत नाही

मिशिगनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत बर्फ वितळला की एक संदेश फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: बोट २२ फुटांपेक्षा मोठी असेल तर ती ओढून न्यायला बंक (फळ्यांच्या) ट्रेलरच्या फंदात पडू नका, रोलरच (चाकांचाच) घ्या. कारणं चार. जड बोट बंकवरून हलत नाही. बंकच्या गालिच्याने तळ खरचटतो, रोलर मऊ असतात. रोलरवरून एकट्याला बोट उतरवता येते. आणि बंकचं लाकूड कुजतं, रोलरकडे मात्र बघावंही लागत नाही.

पहिली मोठी बोट घेणारा माणूस हे वाचतो आणि जास्त पैसे मोजून रोलर ट्रेलर घेऊन येतो. काहींसाठी तो बरोबर ठरतो, पण संदेशात दिलेल्या कारणांमुळे नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

बंक म्हणजे बोटीच्या लांबीला समांतर बसवलेल्या, गालिचा मढवलेल्या लांब फळ्या. बोट त्यांच्यावर टेकते. रोलर ट्रेलरवर त्याच जागी रबराची किंवा पॉलियुरेथेनची डझनावारी चाकं असतात. जड बोट बंकवरून सरकत नाही, हे खरंच आहे. पण ती सरकवायची नसतेच. ट्रेलर पुरेसा पाण्यात गेला की बोट आपोआप तरंगते, आणि एकदा तरंगली की तिचं वजन ३००० पाउंड आहे की ८०००, याने फळ्यांना काही फरक पडत नाही. खरा प्रश्न एवढाच की ट्रेलर तेवढ्या खोलीपर्यंत नेता येतो का. ते ठरवतो रॅम्प, म्हणजे बोट उतरवायचा, पाण्यात जाणारा काँक्रीटचा उतार.

चांगल्या रॅम्पचा उतार साधारण १२ ते १५ टक्के असतो. १२ टक्के उतारावर एक फूट जास्त खोली हवी असेल तर गाडी आठेक फूट मागे न्यावी लागते. उतार ६ टक्के असेल तर तीच एक फूट खोली मिळवायला जवळजवळ १७ फूट. तोवर ट्रकची मागची चाकं आणि एक्झॉस्ट पाण्यात गेलेले असतात. अशा उथळ रॅम्पवर रोलर खरोखर कामाला येतो, कारण बोट पूर्ण तरंगण्याआधीच तिला मागे लोटता येते.

मेन आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांच्या किनाऱ्यावर रोलर ट्रेलर इतके का दिसतात, याचं उत्तरही यातच आहे. बॉस्टनला भरती-ओहोटीतला फरक सरासरी साडेनऊ फुटांच्या घरात असतो, त्यामुळे ओहोटीला रॅम्पचा बराचसा भाग उघडा पडतो. मायामीकडे हा फरक दोन-अडीच फुटांचा. तिथे तीस-बत्तीस फुटांच्या, तीन-तीन आउटबोर्ड इंजिनांच्या बोटी अ‍ॅल्युमिनियमच्या बंक ट्रेलरवरून रोज ये-जा करतात. लांबीवरून ट्रेलर ठरत असता तर हे चित्र दिसलंच नसतं.

आपल्या सरोवरांना सांगण्यासारखी भरती-ओहोटी नाही, पण पाण्याची पातळी वर्षावर्षाला बदलते. जानेवारी २०१३ मध्ये मिशिगन-ह्युरॉन सरोवरांची पातळी नोंदींतली सर्वांत खाली गेली होती. २०२० च्या उन्हाळ्यात ती त्याहून सुमारे सहा फूट वर होती. एकाच वर्षातही उन्हाळ्यानंतर पाणी उतरत जातं. म्हणून रॅम्प जुलैत पाहून निर्णय घेऊ नका. ऑक्टोबरात, जेव्हा बोट बाहेर काढायची असते, तेव्हा जाऊन पाहा.

आता दुसरा मुद्दा, आणि मला सर्वांत जास्त खटकणारा. ‘रोलर मऊ असतात’ हे वाक्य दिशाभूल करतं. साधा हिशेब मांडू. बोट ६००० पाउंडांची. चार बंक, प्रत्येकी दहा फूट लांब, फळीची प्रत्यक्ष रुंदी साडेपाच इंच, फळी आडवी. टेकण्याची जागा झाली २६४० चौरस इंच, म्हणजे दर चौरस इंचावर सव्वादोन पाउंडांच्या आसपास भार. तीच बोट ४८ रोलरवर ठेवली तर प्रत्येक रोलरच्या वाट्याला १२५ पाउंड. रोलर तळाला टेकतो ती जागा दोन चौरस इंच धरली तर तिथला दाब दर चौरस इंचाला साठ पाउंडांच्या पुढे जातो. हाही भार सगळीकडे समान वाटला गेला असं गृहीत धरून. प्रत्यक्षात तो मागच्या बाजूला एकवटतो, कारण इंजिन तिथे असतं.

एखाद्या दिवसाच्या प्रवासात याने फारसं बिघडत नाही. पण इथे बोट ऑक्टोबरपासून एप्रिल-मेपर्यंत ट्रेलरवर उभी असते. सहा महिने तोच दाब त्याच जागांवर. तळाच्या आत लांब तुळया असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. आधार त्यांच्याखाली नसेल, किंवा ट्रान्समपर्यंत, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीपर्यंत, पोहोचत नसेल, तर फायबरग्लासचा तळ तिथे हळूहळू वाकतो. मागच्या टोकाला असा बाक आला की वेग घेताना बोट नाक खाली घालते, आणि ते दुरुस्त करणं महागाचं काम असतं. गालिच्यात अडकलेल्या वाळूने जेलकोटवर, म्हणजे तळाच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, ओरखडे येतात, हे मान्य. पण ते पॉलिशने जातात. वाकलेला तळ पॉलिशने सरळ होत नाही.

इथे बंकवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. फळ्या ट्रान्समच्या अर्धा फूट अलीकडे संपत असतील तर बंक ट्रेलरही तेच नुकसान करतो. आणि तळाच्या आकाराप्रमाणे झुकणारे, जोड्यांनी बसवलेले, स्ट्रिंगरखाली नीट लावलेले रोलर अनेक बोटी वर्षानुवर्षं सांभाळतात. मात्र तळाला आडव्या पायऱ्या असलेल्या बोटी, ज्यांना स्टेप्ड हल म्हणतात, त्यांच्यासाठी मी रोलर सुचवणार नाही. पायरीची कड रोलरवर अडकते.

तिसरा मुद्दा, एकट्याने बोट उतरवणं. सोपं आहे, पण त्यातला धोका संदेशात कुठेच नाही. बंकवर बोटीला घर्षण धरून ठेवतं. रोलरवर विंचचा (बोट ओढून धरणाऱ्या चरखीचा) पट्टा आणि साखळी सोडली तर बोटीला धरणारं फारसं काही उरत नाही. बंकची सवय असलेला माणूस रॅम्पच्या वरच्या टोकालाच पट्टा सोडतो आणि बोट काँक्रीटवर जाते. मागे कोणी उभं असेल तर प्रश्न बोटीपुरता राहत नाही. रोलर घेतलात तर बोटीचा मागचा भाग पाण्यात जाईपर्यंत पट्टा आणि साखळी दोन्ही लावलेलीच राहू द्या, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. बंकवर सिलिकॉन फवारलं किंवा प्लास्टिकच्या घसरत्या पट्ट्या लावल्या तर हाच नियम तिथेही लागू.

देखभालीचं थोडक्यात. लाकूड कुजतं, बरोबर. पण फळी लाकडाच्या वखारीत मिळते आणि घरी बदलता येते. रोलरच्या बाबतीत प्रत्येक चाकाला दांडा, टोपी, पिन. उन्हाने रबर तडकतं, काळ्या रबराचे डाग तळावर उमटतात, आणि एखादं चाक अडकलं तर ते फिरायचं सोडून घासत राहतं. दरवर्षी प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावं लागतं.

अ‍ॅल्युमिनियमची बोट असेल तर एक वेगळी काळजी. २००३ च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकचं जुनं रसायन मागे घेतलं गेलं. त्याजागी आलेल्या रसायनांत तांबं जास्त असतं. अशा फळीवरचा ओला गालिचा अ‍ॅल्युमिनियमला टेकून राहिला की धातूला खड्डे पडतात. तिथे प्लास्टिकचे बंक लावा.

आणि ज्यावर संदेश एक शब्दही बोलत नाही ते म्हणजे वजन. माहितीपत्रकातलं कोरडं वजन इंधनाशिवायचं असतं, पुष्कळदा इंजिनाशिवायचंही. १०० गॅलन पेट्रोलचेच सुमारे ६१० पाउंड होतात. बोट, इंजिन, इंधन, पाणी, सामान आणि ट्रेलर अशी पूर्ण बेरीज करा, आणि ती ट्रकच्या ओढण्याच्या क्षमतेशी ताडून पाहा. त्याच क्षमतेचा रोलर ट्रेलर बहुधा बंकपेक्षा जड असतो. बोटीची रुंदी साडेआठ फुटांच्या वर असेल तर रस्त्यावर न्यायला परवाना लागू शकतो, ट्रेलर कुठलाही असो.

माझा सल्ला असा: फायबरग्लासची मोठी बोट, बरा रॅम्प आणि लांब हिवाळा असेल तर बंक घ्या. रॅम्प उथळ असेल आणि दुसरा जवळ नसेल तर रोलर घ्या. पैसे देण्याआधी बोटीच्या पुस्तिकेत आधार कुठे द्यायचा ते पाहा, आणि बोट ट्रेलरवर चढवून, स्वतः खाली वाकून, फळ्या किंवा रोलर ट्रान्समपर्यंत पोहोचतात का ते तपासा.