पाणी फ्यू, आंघोळ अलॉट

आमच्या अपार्टमेंटचा सचिव मी. ज्या सभेला मी गेलो नव्हतो, त्याच सभेत मला एकमतानं निवडलं गेलं. मे महिना, पारा 45वर आणि टाकीचा तळ दुपारी बारालाच दिसायला लागलेला. कारण उघड होतं. काही लोक दिवसातून तीनदा आंघोळ करत आणि कूलरमध्ये नळी सोडून खुशाल झोपत. तिसऱ्या माळ्यावर केरळचा एक भाडेकरू होता, म्हणून नोटीस इंग्रजीत लिहायची ठरली.

मी लिहिलं, ‘ड्यू टू फोर्टी फाइव्ह डिग्री, देअर इज फ्यू वॉटर. फ्यू पीपल आर टेकिंग बाथ. प्लीज यूज लेस बकेट्स. अलॉट ऑफ थँक्स.’

संध्याकाळी दुसऱ्या माळ्यावरच्या काकू दारात उभ्या.

“आम्ही आंघोळ करत नाही म्हणता? नागपुरात? मे महिन्यात?”

त्यांच्या भाच्यानं त्यांना समजावून दिलं होतं. ‘अ फ्यू’ म्हणजे काही जण, पण आधीचा ‘अ’ गळाला की जवळपास कोणीच नाही. मला म्हणायचं होतं, काही लोक आंघोळ करत सुटलेत. त्या चिमुकल्या ‘अ’पायी मी अख्खी विंग पारोशी ठरवली होती.

नोटीस काढून घरी आणली, तर लेकीनं लाल पेन उघडलं. “बाबा, पाण्याला फ्यू नाही लागत. पाणी मोजता येते का?”

“टँकरवाला मोजूनच पैसे घेते ना!”

“तो लिटर मोजते, बाबा. पाणी नाही.”

यावर काय बोलणार? पाणी ‘लिटल’, बादल्या ‘फ्यू’. आमचं ‘थोडं’ बिचारं थोडं पाणी, थोड्या बादल्या, थोडी लाज असं शेपूट बदलून सगळीकडे जातं. अर्थात आपणही कमी नाही. पोहे अनेकवचनी आणि साबुदाणा एकवचनी हे आपण कोणत्या हिशेबानं ठरवलं? इंग्रजीतही गव्हाला अनेकवचन नाही, ओट्सला मात्र आहे.

‘लेस बकेट्स’वर मी अडून बसलो. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’ हवं, ही आवड रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थानं 1770 साली बोलून दाखवली आणि पुढच्यांनी तिचा कायदा केला. त्याआधी नवव्या शतकात इंग्लंडातल्या खुद्द आल्फ्रेड राजानं अशा ठिकाणी ‘लेस’ वापरलेलं आहे. ब्रिटनमधल्या टेस्को या सुपरमार्केटमध्ये थोडं सामान घेणाऱ्यांच्या काउंटरवर असलेल्या ‘10 आयटम्स ऑर लेस’ या पाटीवरूनही लोक कुरकुरत. 2008मध्ये त्यांनी ‘अप टू 10 आयटम्स’ लिहायचं ठरवलं. म्हणजे दोन्ही शब्दांना बगल! सासू-सुनेच्या वादात मीही असाच बाल्कनीत जातो.

“आल्फ्रेड राजाला बोर्डाची परीक्षा नव्हती,” लेक म्हणाली.

‘फोर्टी’त मी ‘यू’ घातला होता. फोरमध्ये यू आहे, फोर्टीनमध्ये आहे, फोर्टीत नाही. हे मात्र मला ताबडतोब पटलं. चाळिशी ओलांडली की काही ना काही वाफ होऊन जाणारच, हे नागपूरकराला कोणी शिकवावं?

राहता राहिलं ‘अलॉट’. ‘अ’ आणि ‘लॉट’ वेगळे लिहायचे. जोडून लिहिलेला असा शब्दच नाही. एल दोनदा घातला तर मात्र होतो, पण त्याचा अर्थ वाटप करणं. आमच्या लेआउटमध्ये ‘प्लॉट अलॉट झाला का?’ ऐकतच मी मोठा झालो, त्याला मी तरी काय करू! आणि मुळात ‘लॉट’ म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा. अमेरिकेत तर जमिनीच्या तुकड्यालाही लॉट म्हणतात. म्हणजे मी व्याकरणात चुकलो असेन, पण सातबाऱ्यात नाही.

लेकीची निर्दोष नोटीस रात्री लागली. सकाळी केरळचा भाडेकरू जिन्यात भेटला. रिकामी बादली खाली ठेवून त्यानं नोटिशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“भाऊ, ते सगळं ठीक आहे,” तो म्हणाला, “पण टँकर केव्हा येऊन राहिला?”