‘स्टेरॉईडची अ‍ॅलर्जी होतच नाही’ म्हणे!

बीडपासून नांदेडपर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: ‘स्टेरॉईड हेच अ‍ॅलर्जीचं औषध, त्याची अ‍ॅलर्जी कशी होईल? सुईनंतर माणूस पडला तर ती भीती. शंका असेल तर टेस्ट डोस द्या, फोड आला नाही की बिनधास्त टोचा. काही झालंच तर आणखी एक डेक्सा.’ (डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, तेही स्टेरॉईडच.)

कशी होईल? क्वचित, पण होते. हायड्रोकॉर्टिसोन आणि मिथाइलप्रेडनिसोलोनच्या इंजेक्शनांनी जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस झाल्याच्या नोंदी आहेत. कधी दोषी स्टेरॉईड, कधी त्यात मिसळलेला घटक. गुडघ्यात देतात त्या ट्रायमसिनोलोनच्या दुधाळ इंजेक्शनात कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज असतं. मिथाइलप्रेडनिसोलोनच्या डेपो (हळूहळू सुटणाऱ्या) इंजेक्शनात पॉलिएथिलीन ग्लायकॉल. म्हणून केसपेपरवर नुसतं ‘गुडघ्याची सुई’ लिहून भागत नाही. औषधाचं पूर्ण नाव, कंपनी, बॅच नंबर पाहिजे. रिकामी बाटली कचऱ्यात जायच्या आधी मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवा.

भीती? सुई बघून आमच्याकडचे भलेभले पैलवानही आडवे होतात, मान्य. पण तेव्हा नाडी मंद असते आणि झोपवलं की थोड्या वेळात माणूस बोलायला लागतो. अंगावर गांधी, सुजलेले ओठ, छातीत शिट्टी, पळणारी नाडी, ही भीती नव्हे; ‘पित्त उठलं’ म्हणून सोडूनही देऊ नका. गांधी नसल्या तरी अ‍ॅलर्जी असू शकते. जमलं तर त्रास सुरू झाल्यापासून साधारण १ ते २ तासांत, फार तर ४ तासांच्या आत, ट्रिप्टेजसाठी (अशा रिअ‍ॅक्शनमध्ये रक्तात वाढणारा घटक) रक्त घ्यावं आणि २४ तास उलटल्यावर पुन्हा घेऊन ताडून बघावं. पहिलं नॉर्मल आलं म्हणून अ‍ॅलर्जी नव्हती असं ठरत नाही.

टेस्ट डोसचा भरवसा तर सोडूनच द्या. खरी चाचणी रिअ‍ॅक्शननंतर ४ ते ६ आठवड्यांनी: आधी प्रिक (त्वचेवर औषधाचा थेंब टाकून हलकं टोचणं), मग इंट्राडर्मल (त्वचेच्या आत किंचित औषध सोडणं), अ‍ॅड्रेनालिन हाताशी ठेवून. निगेटिव्ह आली तरी देखरेखीखाली चढता डोस देऊन बघतात. दुसरं कोणतं स्टेरॉईड चालेल तेही अशाच तपासणीत कळतं. दमेकऱ्याला ते फार गरजेचं. उमरगा, परळीहून निघण्याआधी ही सोय नक्की कुठं आहे ते फोनवर विचारा. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, त्याचंही विचारा.

आणि ‘आणखी एक डेक्सा’? सगळ्यात घातक ओळ हीच. स्टेरॉईडचा परिणाम दिसायला काही तास लागतात, श्वास कोंडायला काही मिनिटं. मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ०.५ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन, तेही लगेच, आणि १०८ ला फोन.