आपल्या गाडीचे अ‍ॅव्हरेज वाढले, पण कशामुळे?

सप्रेम नमस्कार,

पेट्रोलच्या पाइपवर बसवायच्या चुंबकाचा काही उपयोग होत नाही, असे मी लिहिले. त्यावर आपली हरकत अशी की मी वापरून न पाहताच मत दिले, आणि आपल्या गाडीचे अ‍ॅव्हरेज मात्र चुंबकामुळे १६ वरून १७.८ वर गेले. आपला आकडा मी खोटा मानत नाही. माझा आक्षेप त्याचे श्रेय चुंबकाला देण्यावर आहे.

आधीचा आकडा मे महिन्यातला आणि नंतरचा डिसेंबरमधला, हे आपणच कळवले आहे. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना सात रस्त्याच्या गर्दीत खोळंबलेल्या गाडीतही एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाचीच ताकद खात असतो; डिसेंबरात काच खाली केली तरी भागते. शिवाय दोन्ही वेळा आपण १६० किलोमीटर गाडी चालवून टाकी भरलीत, आणि पहिल्यांदा १० लिटर पेट्रोल बसले, नंतर ९. पंपावर गाडी किंचित उतारावर उभी असली किंवा नोझल जरा आधी कट झाले, तरी लिटरभराचा फरक पडू शकतो, आणि आपली सगळी वाढ त्या एका लिटरातच आहे.

पेट्रोलच्या रेणूंचे गठ्ठे चुंबक सोडवते आणि त्यामुळे ते पूर्ण जळते, असे विक्रेते सांगतात. पेट्रोल म्हणजे हायड्रोकार्बनांचे मिश्रण. त्याच्यावर अशा चुंबकाचा दखल घ्यावी असा परिणाम होत नाही. घटकाभर तो होतो असे धरले, तरी सुस्थितीतल्या इंजिनात जवळजवळ सगळे पेट्रोल आधीच जळत असते. वाया जाते ती जळाल्यानंतरची उष्णता, रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून, आणि ती पाइपवरच्या चुंबकाला परत आणता येत नाही.

वापरून पाहण्याचे म्हणाल, तर ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गॅरेजवाले बिघाड तपासायला यंत्र जोडतात त्या गाडीतल्या सॉकेटमध्ये, खोचायचे एक यंत्र मीही पैसे मोजून घेतले होते; इंजिनाला कमी पेट्रोलमध्ये चालायला ते शिकवते, असा त्याचा दावा होता. अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी ते उघडले, तेव्हा आत लुकलुकणारे दिवे, एक बटण आणि एक छोटी चिप निघाली. आजच्या बहुतेक गाड्यांचा संगणक ज्या ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांवरून बोलतो, त्यांना एकही तार जोडलेली नव्हती. होती ती फक्त वीजपुरवठ्याची जोडणी. इंजिनाशी बोलूच न शकणारे यंत्र त्याला काय शिकवणार? पैसे गेल्यापेक्षा, मी ते दोन मित्रांना सुचवले होते याचे मला अधिक वाईट वाटले.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली आहेत. मोजक्या उपकरणांनी किंचित फरक दाखवला, अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारे एकही सापडले नाही.

तरीही आपली खात्री पटावी म्हणून एक सुचवतो. एखाद्या रविवारी पहाटे, टायरमधली हवा तपासून, एसी बंद ठेवून, सोलापूर ते मोहोळ आणि परत अशा सहा फेऱ्या आपल्याच गाडीने करू. प्रत्येक फेरीनंतर त्याच पंपावर, त्याच नोझलने टाकी भरू. चुंबक कोणत्या फेरीत लावायचे आणि कोणत्या फेरीत काढायचे, हे आपला मुलगा ठरवेल आणि शेवटपर्यंत गाडी चालवणाऱ्याला सांगणार नाही. पेट्रोलचा खर्च मी करीन, आणि आकडे जसे येतील तसे, चुंबकाच्या बाजूने आले तरी, इथेच छापीन.