टेक्ससमध्ये मुलाच्या कस्टडीसाठी ज्युरी मागण्याआधी

अमेरिकेत मुलाच्या ताब्याचा निकाल बहुतेक राज्यांत जजच देतो. टेक्ससमध्ये मात्र ज्युरी, म्हणजे निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, मागता येते, अगदी कोर्टाची जुनी ऑर्डर बदलून घ्यायची असली तरी. डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी आईवडिलांसाठी हे मुद्दाम लिहितेय. समोरच्यावर दबाव आणायला ज्युरी मागितली की दोघांचा पैसा जातो आणि मूल महिनोन्‌महिने टांगणीला लागतं. माझं मत स्पष्ट आहे: मूल कोणाकडे आणि कुठे राहणार, हा खरा वाद असेल तरच ज्युरी मागा.

टेक्ससच्या कुटुंब कायद्याच्या (फॅमिली कोड) कलम १०५.००२ नुसार मोजक्याच बाबतींत ज्युरीचा कौल जजवर बंधनकारक असतो. ताबा एकाकडे की संयुक्त, मुलाचं मुख्य घर ठरवण्याचा हक्क कोणाचा, त्या घराला भौगोलिक मर्यादा घालायची का आणि कोणती. चाइल्ड सपोर्ट (मुलाच्या पालनपोषणाचा खर्च), कुठला शनिवार-रविवार कोणाचा, सुट्ट्यांची वाटणी, शाळेचे नि औषधोपचारांचे निर्णय हे सगळं जजकडेच राहतं. मुलाबरोबर गुरुवारची संध्याकाळ वाढवून हवी म्हणून ज्युरी मागणं निरर्थक आहे.

भौगोलिक मर्यादेचा प्रश्न आपल्या लोकांना फार जाचतो. ऑर्डरमध्ये बऱ्याचदा ‘अमुक काउंटी (जिल्हा) आणि लगतच्या काउंट्या’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे मुलाचं घर त्याबाहेर नेता येत नाही. एच-१बी या कामाच्या व्हिसावरची नोकरी जाते, नवी मिळते ती न्यू जर्सीत, आणि मुलाला बरोबर न्यायचं तर आधी ती मर्यादा उठवून घ्यावी लागते. २००२ मध्ये टेक्सस सुप्रीम कोर्टापुढे असंच प्रकरण होतं. जर्मनीला परतू पाहणाऱ्या आईच्या बाजूने ज्युरीने कौल दिला होता, तरी खालच्या जजने मर्यादा कायम ठेवली. सुप्रीम कोर्टाने ज्युरीचा कौल उचलून धरला. स्थलांतराच्या वादात ज्युरी मागण्यात अर्थ आहे तो यामुळेच.

पण त्याआधी ऑर्डर बदलण्याचं कारण कायद्यात बसायला हवं. जुन्या ऑर्डरनंतर परिस्थितीत ठोस, महत्त्वाचा बदल झालाय आणि नवी व्यवस्था मुलाच्या हिताची आहे, हे दाखवावं लागतं. मुख्य घर ठरवण्याचा हक्क असलेल्या पालकाने आपणहून किमान सहा महिने मुलाला दुसऱ्याकडे सांभाळायला ठेवलं असेल, तर तेही स्वतंत्र कारण ठरू शकतं. मुलाला सहा-आठ महिने पुण्याला आजी-आजोबांकडे ठेवण्याचा बेत असेल तर आधी वकिलाशी बोला. जुनी ऑर्डर होऊन वर्ष झालं नसेल आणि मुख्य घराचा हक्कच बदलून मागायचा असेल, तर अर्जासोबत वेगळं शपथपत्र लागतं. त्यात पुरेशी तथ्यं नसली तर जज सुनावणीची तारीखच देत नाही.

सगळ्यात कमी बोललं जातं ते मुलाच्या म्हणण्याबद्दल. जजपुढे खटला चालला, तर बारा वर्षांच्या किंवा मोठ्या मुलाशी, कोणी अर्ज केल्यास, जजला चेंबरमध्ये (आपल्या खाजगी दालनात) बोलावंच लागतं. ज्युरी घेतली की ज्युरीच्या अखत्यारीतल्या मुद्द्यांवर जज मुलाशी असं बोलू शकत नाही. तेरा वर्षांच्या मुलीची इच्छा हाच तुमचा मुख्य आधार असेल, तर ज्युरी मागून तुम्ही तो स्वतःच्या हाताने काढून टाकता.

आता तारखा. ज्युरीची लेखी मागणी कोर्टाच्या क्लार्ककडे ट्रायलच्या किमान तीस दिवस आधी दाखल करावी लागते. कोर्टाच्या शेड्युलिंग ऑर्डरमध्ये (खटल्याच्या तारखा ठरवणाऱ्या आदेशात) आणखी आधीची तारीख असू शकते, ती पाहा. ज्युरीची फी भरणं शक्य नसेल तर शपथपत्र देता येतं. पण मराठी व्हॉट्सॲप मेसेज पुरावा म्हणून द्यायचे असतील, तर भाषांतर आणि अनुवादकाचं शपथपत्र समोरच्या पक्षाला पंचेचाळीस दिवस आधी पोचलं पाहिजे. तिसाव्या दिवसावर नजर ठेवून बसणारे इथेच फसतात.

डिस्ट्रिक्ट कोर्टात ज्युरीवर बारा जण बसतात आणि दहांचं एकमत पुरतं. निवडीच्या वेळी प्रत्येक बाजूला कारण न देता सहा नावं वगळता येतात. तेव्हा घरात आजी-आजोबा राहणं, मुलाने आईवडिलांजवळ झोपणं, उन्हाळाभर भारतात जाणं याविषयी उमेदवारांना काय वाटतं, हे वकिलाला विचारायला लावा. मुलाच्या हिताबद्दलच्या कल्पना इथे फार वेगळ्या असतात.

एकदा ज्युरीची फी भरली, की समोरच्याची हरकत असताना मागणी मागे घेता येत नाही. आणि वेळेत मागणी करूनही जज ज्युरीविना सुनावणी सुरू करू लागला, तर तिथल्या तिथे रेकॉर्डवर हरकत नोंदवा. तेव्हा गप्प बसलात तर अपिलात हा मुद्दा मांडता येत नाही.