‘नवीन काय करणार?’

आज डोकं फिरलंय. पोस्ट लांब होणार, आधीच सांगते.

माझी एक मैत्रीण एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी सांभाळते, म्हणजे कुणीही फुकट वापरावा असा तयार कोड. समोरची वेबसाइट खरी आहे का हे सांगणारं सर्टिफिकेट तो तपासतो. दिवसा नोकरी, हे रात्री आणि शनिवार-रविवार. तुम्ही त्या लायब्ररीचं नाव ऐकलेलं नाही, पण तुमच्या फोनमधल्या एखाद्या अ‍ॅपच्या पोटात ती असू शकते. तिने एका संस्थेच्या ग्रँटसाठी अर्ज भरला आणि मला वाचायला पाठवला. त्यात एक रकाना होता : ‘या निधीतून कोणती नवीन गोष्ट निर्माण होईल?’ मर्यादा ५०० शब्द. बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘नवीन काही नाही. आहे ते मोडू नये, एवढंच.’ आणि खाली मला विचारलं होतं, ‘हे चालेल का गं?’

नाही चालणार. आणि म्हणूनच चिडलेय.

कारण मला डिसेंबर २०२१ आठवतो. आयटीतल्या लोकांना वेगळं सांगायला नको. लॉगफोरजे, म्हणजे सर्व्हरवर काय घडतंय त्याची नोंद (लॉग) ठेवणारं फुकट सॉफ्टवेअर. त्यातलं सुरक्षेचं भोक उघडं पडलं तो शुक्रवार. ऑफिसचा कॉल सुरू झाला तो संपेचना. एक्सेलमध्ये सर्व्हरची यादी, कुठे कुठलं व्हर्जन आहे याचा पत्ता नाही, निम्मे लोक म्यूटवर जेवतायत. आणि आमचे एक मोठे साहेब मध्येच म्हणाले, “यांचा सपोर्ट कोण बघतं? त्यांना कॉलवर घ्या ना.” शांतता. शेवटी एका पोराने धीर करून सांगितलं, “सर, ते व्हॉलंटियर आहेत.” साहेबांचा पुढचा प्रश्न, “हो, पण कॉन्ट्रॅक्ट कुणाशी आहे?”

कुणाशीच नाही, साहेब. वर्षानुवर्षं आपण त्यांचं फुकट वापरतोय.

आता गंमत बघा. ते भोक होतं कशात? एका ‘नवीन’ फीचरमध्ये. २०१३ साली त्यात एक सोय घातली गेली. त्यामुळे लॉगमध्ये जाणाऱ्या मजकुरात विशिष्ट ओळ घुसवली की सर्व्हर बाहेरून कोड आणून मुकाट चालवायचा. सांभाळणाऱ्यांनाच ते फीचर आवडत नव्हतं, पण जुन्या वापरणाऱ्यांचं काही मोडू नये म्हणून ठेवावं लागलं, असं त्यांच्यातल्याच एकाने तेव्हा जाहीरपणे लिहिलं होतं. म्हणजे खरी गरज होती जुनं धोक्याचं काढून टाकायची, त्यासाठी बसून तपासणाऱ्या माणसाची. त्या कामाला कुठल्या अर्जात रकाना आहे, दाखवा मला.

हार्टब्लीड नावाच्या आधीच्या भोकाची गोष्टही तीच. २०१४. ओपनएसएसएल, म्हणजे इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर, ज्याच्या जिवावर अर्ध्या जगाचे पासवर्ड आणि बँक व्यवहार चालत होते, त्याला वर्षाला देणग्या मिळायच्या सुमारे २,००० डॉलर. पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. चूक दोन वर्षं तिथेच पडून होती. बोभाटा झाल्यावर मात्र मोठ्या कंपन्यांना काही दिवसांत दानधर्म सुचला, प्रत्येकीने दरवर्षी १ लाख डॉलर, तीन वर्षं. बारशाला सगळे हजर आणि आजारपणात कुणी नाही असं ऐकलं होतं. इथे बारसं आणि तेरावं दोन्हीला गर्दी, मधल्या आयुष्यात कुत्रं विचारत नाही.

बरं, सगळ्याच ग्रँटवाल्यांना एका काठीने हाणू नये, हे मान्य. जर्मन सरकारने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड काढला तो मुळात अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीला पैसे द्यायलाच. लॉगफोरजे सांभाळणाऱ्यांनाही त्यातून पैसे मिळाले. नेदरलँड्सची एनएलनेट ही संस्था ५,००० युरोपासून छोट्या ग्रँट देते, सुटसुटीत अर्जावर. आणि हो, लोकांचा पैसा द्यायचा तर हिशेब मागणारच. त्यावर माझं काही म्हणणं नाही. हिशेब मागा. पण ‘यंदा काहीही मोडलं नाही’ हासुद्धा हिशेब आहे, तो धरा.

आमच्या ऑफिसची गोष्ट अजून संपलेली नाही. त्या आठवड्यात आम्ही लॉगफोरजेचं दुरुस्त व्हर्जन २.१५ लावतोय तोवर २.१६ आलं, ते लावतोय तोवर २.१७. ते सगळे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, कुणीतरी स्वतःची झोप मोडून, शिव्या खात लिहीत होतं. ते वाचवतायत म्हणून आम्ही वाचलो. जानेवारीत मी प्रस्ताव दिला की या लोकांना थोडी तरी रक्कम पाठवू. साहेब हो म्हणाले, खरंच म्हणाले. फाइल खरेदी विभागाकडे गेली आणि परत आली. शेरा : व्हेंडर रजिस्ट्रेशन नाही, इन्व्हॉइस नाही, तीन कोटेशन जोडलेली नाहीत.

तीन कोटेशन! फुकट मिळालेल्या वस्तूची! स्पर्धक कोण आणायचा होता, अजून फुकट देणारा?

(लिहिता लिहिता हसू येतंय आता. तेव्हा येत नव्हतं.)

मैत्रिणीकडे परत येते. ती रात्री काय करते माहितीये? आलेले सिक्युरिटी रिपोर्ट वाचते. हल्ली त्यातले बरेचसे एआयने लिहिलेले असतात, भाषा झकपक, आत अस्तित्वातच नसलेलं फंक्शन. तरी प्रत्येक उघडून बघावा लागतो, कारण एखादा खरा असतो. कर्ल या डेटा आणण्या-पाठवण्याच्या सॉफ्टवेअरचा मेंटेनर (सांभाळणारा) याच कटकटीबद्दल कधीपासून जाहीर ओरडतोय. तो निदान ओरडला तर जग ऐकतं. हिचं कोण ऐकणार?

आणि एकटं पडलेल्या माणसाचं काय होतं ते एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वेळी पाहिलंच आपण. तो मेंटेनर २०२२ मध्ये उघडपणे सांगत होता की मानसिक त्रास चालू आहे, हा बिनपगारी छंद आहे, जमेल तसं करतोय. लोक काय म्हणत होते? नवीन रिलीज कधी? त्याच्या थोडं आधीच ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी आलं होतं. मदत केली, गोड बोललं, दोन वर्षांहून जास्त काळ चिकाटीने पॅच पाठवले, भरवसा मिळवला. आणि २०२४ मध्ये त्याच हाताने बॅकडोअर (गुपचूप आत शिरायची चोरवाट) घातलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला एसएसएच लॉगिनला (दुरून सर्व्हरमध्ये शिरताना) अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा किडा चावला, म्हणून ते सापडलं. एका माणसाचा चौकस स्वभाव, बाकी काही नाही.

मला त्या मेंटेनरचं फार वाईट वाटतं. दमलेल्या माणसाला मदतीची गरज आहे हे इतक्या मोठ्या जगात फक्त चोराने ओळखलं.

कुणी म्हणेल पैशाने सगळं सुटत नाही. ठीक आहे, नाही सुटत. पैशाबरोबर दोरीही येते, तेही खरं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सांभाळणाऱ्या पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने २०२५ मध्ये अमेरिकी सरकारची १५ लाख डॉलरची ग्रँट नाकारली, तीही सिक्युरिटीच्याच कामासाठीची, कारण अटी त्यांच्या तत्त्वात बसत नव्हत्या. टॉर आणि सिग्नलसारख्या खासगीपणा जपणाऱ्या सॉफ्टवेअरना हात देणाऱ्या ओपन टेक्नॉलॉजी फंडाची ग्रँट त्याच वर्षी मार्चमध्ये एका पत्राने रद्द झाली, कोर्टात गेल्यावर सरकारने माघार घेतली. सरकार बदललं की नळ बंद. म्हणून तर म्हणतेय, फक्त सरकारी ग्रँटवर टाकू नका. जे वापरतात त्यांनी द्यावं. दरवर्षी. मागायला न लावता. आमच्या त्या कॉलवर जेवढी माणसं बसली होती त्यांच्या एका रात्रीच्या ओव्हरटाइममध्ये एखाद्या मेंटेनरचे कित्येक महिने निघाले असते.

मैत्रिणीला मी सांगितलंय, उत्तर बदलू नकोस, पण खाली कामं एकेक करून लिही. रिपोर्ट वाचणे, जुनं काढणे, रिलीजवर सही करणे, आपण आजारी पडलो तर दुसरा माणूस तयार करणे. नाकारायचं तर हे वाचून नाकारू देत.

आणि मित्रयादीत कुणी कंपनीच्या खरेदी किंवा अकाउंट्समध्ये असाल तर इनबॉक्समध्ये या. कोटेशनशिवाय अशा प्रकल्पाला दरवर्षी पैसे पाठवायची सोय तुमच्याकडे कुठल्या हेडखाली बसवली, एवढंच सांगा. मार्च यायच्या आत मला ती फाइल पुन्हा टाकायची आहे.