डँडी गुप्तहेर खेड्यात फक्त हसं करायला येतो? एका दाव्याचा समाचार

इंग्रजी खेड्यातल्या खुनाच्या रहस्यकथा वाचणाऱ्यांमध्ये एक दावा सतत फिरत असतो. थोडक्यात तो असा: डँडी म्हणजे भडक कपडे घालून मिरवणारा सरदारपुत्र. त्यांचा मूळपुरुष, लंडनच्या उच्चभ्रू पोशाखाचा गुरू ब्यू ब्रमेल, शॅम्पेनने बूट चमकवायचा. असल्या शहरी नटव्याचा खेड्याशी काडीचा संबंध नव्हता. त्यामुळे अगाथा क्रिस्टीच्या पॉयरोसारखा टापटिपीचा गुप्तहेर खेड्यात आणला तो निव्वळ हशा पिकवायला. एकेक मुद्दा घेऊ.

‘भडक कपडे.’ नेमकं उलट आहे. भडकपणा होता तो १७७० च्या दशकातल्या ‘मॅकरोनी’ म्हणवल्या जाणाऱ्या छानछोकी तरुणांचा: डोक्यावर केसांचा उंच टोप, त्यावर पावडर, अंगावर नक्षीदार कोट. ब्रमेलने (१७७८–१८४०) हे सगळं मोडीत काढलं. दिवसा निळा कोट, फिकट पिवळसर वासकूट, तशीच तंग विजार, काळे बूट. संध्याकाळी निळा कोट, पांढरं वासकूट, काळी विजार. अत्तर नाही. केस आखूड, पावडरीशिवाय. १७९५ मध्ये तर पावडर लावणाऱ्यावर वर्षाला एक गिनी करच बसला होता. रस्त्यात लोक वळून पाहू लागले तर पोशाखात काहीतरी चुकलंय, असा नियम त्याच्या नावावर सांगतात.

सगळी करामत गळ्याशी होती, आणि ती विल्यम जेसीने ब्रमेलच्या १८४४ च्या चरित्रात पायरीपायरीने लिहून ठेवली आहे. सदऱ्यालाच जोडलेली कॉलर इतकी मोठी, की दुमडली नाही तर चेहरा झाकून जाई. आधी ती मापात दुमडायची. मग निदान फूटभर उंचीचा पांढरा गळपट्टा गुंडाळायचा, आरशासमोर हनुवटी छताकडे करून उभं राहायचं आणि जबडा अगदी सावकाश खाली आणायचा. त्या दाबाने पट्ट्यावर एकेक चुणी बसत जाते. ब्रमेलची भर म्हणजे हलकी खळ. बिनखळीचा पट्टा पुढे फुगून लोंबतो, खळ जास्त झाली तर कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं आणि चुणी हवी तिथे पडत नाही. शिवाय खळीच्या कापडावर एकदा चुकीची घडी पडली की हाताने साफ होत नाही. तो पट्टा टाकायचा, दुसरा घ्यायचा. नोकर चुरगळलेल्या पट्ट्यांचा ढीग घेऊन जिना उतरतो आणि विचारल्यावर म्हणतो, ‘हे आमचे फसलेले’, तो प्रसिद्ध किस्सा यातूनच आला.

‘सरदारपुत्र.’ नाही. वडील पंतप्रधान लॉर्ड नॉर्थचे खाजगी सचिव होते. किताब नाही, जमीनदारी नाही. वारशाचे सुमारे तीस हजार पौंड संपले आणि १८१६ च्या मे महिन्यात देणेकऱ्यांना चुकवून स्वारी फ्रान्समधल्या कॅलेला पळाली.

‘शॅम्पेनने बूट.’ गंभीर चेहऱ्याने थापा ठोकून समोरच्याचं तोंड बघण्याची ब्रमेलला हौस होती, हे लक्षात ठेवून ही गोष्ट ऐकावी. त्या काळचं बुटाचं काळं म्हणजे हाडांचा कोळसा, काकवी, थोडं तेल आणि व्हिनेगर किंवा आंबलेली बिअर. कोळसा रंग देतो, काकवीतली साखर घासल्यावर चकाकी धरते. काकवी जास्त झाली तर बूट चिकट होऊन धूळ ओढतो. आंबट आणि साखर ही जोडी शॅम्पेनमध्येही असते, म्हणून थाप पचली इतकंच.

‘खेड्याशी संबंध नाही.’ दाव्यातला हा सगळ्यात कच्चा दुवा. कपडे तलम, भरपूर आणि खेड्यात धुतलेले हवेत, असा ब्रमेलचा आग्रह होता. कारण साधं आहे: लंडनची हवा दगडी कोळशाच्या काजळीने भरलेली. तिथे दोरीवर घातलेला पांढरा पट्टा वाळेपर्यंत करडा व्हायचा. खेड्यात लाकडाच्या राखेच्या पाण्यात भिजवून, साबणाने धुऊन, कपडे ओलेच गवतावर पसरत. ऊन आणि ओल मिळून कापडाचा पिवळेपणा काढतात. लंडनच्या उच्चभ्रू मेफेअरमधला तो शुभ्र गळा कुठल्या तरी कुरणावर तयार होत होता.

‘गुप्तहेराची टापटीप विनोदापुरती.’ पॉयरो पहिल्यांदा अवतरतो तो १९२० च्या कादंबरीत, स्टाइल्स सेंट मेरी या खेड्यात, पहिल्या महायुद्धातला बेल्जियन निर्वासित म्हणून. गोष्ट सांगणारा त्याचा मित्र हेस्टिंग्ज तिथेच त्याला डँडी म्हणतो. मिशा आणि चकचकीत बूट पाहून खेडं हसतं, हे खरं. (ब्रमेलनेही नाक मुरडलं असतं, लोक वळून पाहतात ना!) पण गुन्हा उकलतो कसा? सकाळी त्याने सवयीने शेकोटीवरच्या फळीवरच्या वस्तू सरळ केलेल्या असतात. नंतर त्याला उमगतं की त्याच वस्तू आपल्याला दुसऱ्यांदा सरळ कराव्या लागल्या. म्हणजे मधल्या वेळात कोणीतरी तिथे हात लावला. निर्णायक कागद तिथेच सापडतो. नीटनेटकेपणाचा तो आजार काढून टाका, पुरावा हाती लागत नाही. पॉयरोच्या १९२६ च्या किंग्ज ॲबट गावच्या प्रकरणातही तेच: दार फोडून आत शिरले तेव्हा एक खुर्ची पुढे ओढलेली होती, पोलीस येईपर्यंत ती जागेवर गेली. का, ते सांगून मजा घालवत नाही.

डोरोथी सेयर्सचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी याचा एकडोळी चष्मा तर १९२३ पासून उघडच हत्यार आहे: तो तीव्र भिंग आहे. छडीवर इंचांच्या खुणा आणि मुठीत होकायंत्र. कपडे सांभाळणारा नोकर बंटरच फोटो काढतो, बोटांचे ठसे घेतो.

टापटिपीची दुसरी बाजूही या कथांना ठाऊक आहे. विम्झीच्या १९३४ च्या फेनचर्च सेंट पॉल गावच्या गोष्टीत बंटरने ठशांसाठी जपून ठेवलेली बिअरची बाटली पाद्रीबुवांच्या घरची मोलकरीण सद्हेतूने पुसून लख्ख करते. इतका शिष्ट बंटर, पण तिला असा फैलावर घेतो की ती रडत मालकिणीकडे जाते.