वार्तापत्र म्हणजे नुसतं देणगीचं पत्रक? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'डेअर', म्हणजे अमेरिकेतल्या प्रादेशिक इंग्रजीचा कोश, आणि त्याचं वार्तापत्र यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की कोश विद्वानांनी केला, वार्तापत्र फक्त पैसे गोळा करायला होतं आणि वाचकांनी धाडलेली पत्रं हा काही पुरावा नव्हे.

पैसे मागायचे, हे खरंच. विस्कॉन्सिन विद्यापीठातला हा प्रकल्प अनुदानांवर आणि देणग्यांवर चालायचा. न मागून करतात काय?

पत्रांबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र पटत नाही. १९६५ ते १९७० या काळात कार्यकर्ते 'वर्ड वॅगन' नावाच्या गाड्या घेऊन १,००२ ठिकाणी फिरले. २,७७७ लोकांपुढे त्यांनी सोळाशेहून जास्त प्रश्नांची वही उघडली. सांगणारे बहुतेक साठी ओलांडलेले. सामग्री अव्वल, यात वाद नाही. पण पहिला खंड निघाला १९८५ मध्ये आणि 'झेड'पर्यंत पोचायला २०१२ उजाडलं. तोवर बोली काय थांबून राहते? शिवाय वहीत जे विचारलंच नव्हतं, त्याचं काय? समजा, एखादा शब्द एकाच माणसाच्या तोंडून मिळाला. तो त्या मुलखाचा की त्याच्या घरापुरता, हे विद्यापीठाच्या गावी, मॅडिसनच्या कचेरीत बसून कोण सांगणार? लोकांनाच विचारावं लागतं.

हे विचारणं काही वार्तापत्रापासून सुरू झालं नाही. त्याआधी अमेरिकन डायलेक्ट सोसायटी या बोली-अभ्यासकांच्या संस्थेच्या वार्तापत्रात कोशाचे प्रश्न छापून येत आणि उत्तरादाखल आलेली पत्रं कोशात रीतसर आधार म्हणून लागली आहेत. स्वतःचं वार्तापत्र १९९८ मध्ये निघालं तेव्हा 'ओ'पर्यंतचे तीन खंड छापून झाले होते. म्हणजे 'बी'चा एखादा नामी शब्द कळवणाऱ्याची गाडी हुकलेली, बिचारा! त्याला छापील कोशात जागाच नव्हती. पुढच्या अक्षरांना मात्र ही पत्रं वेळेवर मिळाली. प्रमुख संपादक फ्रेडरिक कॅसिडी २००० मध्ये गेले, चौथा खंड यायच्या आत. जोन ह्यूस्टन हॉल यांनी काम पुढे नेलं.

कुठला शब्द कुठे बोलतात ते दाखवणारे कोशातले नकाशे पत्रांवरून काढले, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ते सर्वेक्षणातल्या उत्तरांवरच काढलेत. राज्यांचे आकारही लोकसंख्येच्या बेताने, म्हणून न्यूयॉर्क फुगलेलं आणि मोंटाना आक्रसलेलं दिसतं. पत्राचं काम वेगळं: अमक्या साली, अमक्या भागात हा शब्द असा वापरात होता, एवढी साक्ष देणं. जुन्या रोजनिशीतली एखादी ओळ पुरावा म्हणून चालते आणि हयात माणसाचं सहीचं पत्र चालत नाही, हा न्याय कुठला?

कोशाचा एखादा खंड हाताशी असेल तर नोंदींखालचे आधार वाचा. छापील पुस्तकांच्या रांगेत 'डेअर फाइल' असा आधार जागोजागी भेटेल. त्यात अशी पत्रंही आहेत. ते पाहून मग सांगा, यातलं काय गाळायचं.